डाव्या अंगाची खानावळ

पुण्याहून कोल्हापूरकडे निघालेली मोटार खंबाटकीचा घाट ओलांडून सुरूरच्या सपाटीला लागली, म्हणजे घड्याळात कितीही वाजले असोत, गाडीतल्या मंडळींच्या पोटात हटकून दीड वाजतो. आणि तेथवर राजकारणापासून रक्तदाबापर्यंत सर्व विषयांवर एकमताने चाललेले संभाषण ‘जेवायला कोठे थांबायचे?’ या एका प्रश्नापाशी येऊन असे काही फुटते, की साताऱ्याचा अजिंक्यतारा दृष्टिपथात येईपर्यंत ते पुन्हा सांधले जात नाही. एकाला तांबडा रस्सा हवा असतो, दुसऱ्याची एकादशी असते, तिसऱ्याला ‘काहीही चालेल’, आणि या तिसऱ्या इसमाइतका उपद्रवी सहप्रवासी दुसरा नाही, असे माझे अनेक वर्षांच्या अनुभवाअंती झालेले मत आहे. कारण ज्याला काहीही चालते, त्याला प्रत्यक्षात समोर आलेले काहीच चालत नाही.

या लेखाच्या निमित्ताने गेल्या वर्षभरात हा सुमारे 230 किलोमीटरचा रस्ता मी जाणूनबुजून चार वेळा केला. कामावर पोहोचण्याची घाई नाही, लग्नाचा मुहूर्त गाठायचा नाही, केवळ थांबण्यासाठीच निघालेला असा हा प्रवास होता. गाडी पुतण्याने चालवली. मागच्या आसनावर सौभाग्यवती आणि माझी ब्याऐंशी वर्षांची आत्या. आणि आत्याच्या मांडीवर, पहिल्या खेपेपासून चौथ्या खेपेपर्यंत एकदाही न चुकता, फडक्यात बांधलेला पितळी डबा. त्या डब्याविषयी पुढे सांगायचे आहे.

महामार्गावरील फलकांचे वाङ्मय हा वास्तविक स्वतंत्र प्रबंधाचा विषय. ‘शुद्ध शाकाहारी’, ‘फॅमिली गार्डन’, ‘अस्सल गावरान’, ‘आमची कोठेही शाखा नाही’ अशी ही बिरुदावली खेड-शिवापूरपासून जी सुरू होते, ती किणीपर्यंत खंडत नाही. ‘घरगुती जेवण’ ही पाटी कोणी आपल्या घरावर लावीत नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे ती जेथे लागली आहे तेथे घराचा संबंध कितपत असेल, याची अटकळ बांधता येते. शिवाय ताशी 80 किलोमीटरच्या वेगाने धावणारी गाडी एका सेकंदात बावीस मीटर अंतर कापते; शंभर मीटरांवरून दिसू लागलेल्या पाटीला प्रवाशाचे मन वळवण्यास पुरते पाच सेकंदही मिळत नाहीत. एवढ्या अवधीत पाटी वाचावी, तिच्यामागच्या अंगणात गाड्या किती ते मोजावे, आत्याला विचारावे आणि चालकाला सांगावे, ही अपेक्षाच अवास्तव आहे. म्हणून बहुतेक लोक पहिले ठिकाण हुकल्याची हळहळ करीत दुसरे हुकवतात आणि अखेर भुकेने कासावीस होऊन जेथे थांबू नये नेमके तेथे थांबतात.

हा प्रश्न आमच्या आजोबांना पडत नसे. जुना मराठी प्रवासी अन्नासाठी रस्त्यावर विसंबून नव्हता. तो शिदोरी बांधून निघे. शेतकऱ्याच्या फडक्यात भाकरी, कांदा आणि ठेचा; भटाभिक्षुकाच्या पडशीत दशमी, जी पाण्याऐवजी दुधात भिजवलेली असल्यामुळे सोवळ्याओवळ्याच्या कैचीतून अलगद सुटे; कोणाकडे धपाटे, कोणाकडे गूळ-शेंगदाणे. रस्त्याने त्याला द्यायचे ते दोनच पदार्थ, सावली आणि पाणी. वाटेवरच्या बारवा, पाणपोया, धर्मशाळांचे ओटे, पाराचे वड हा सर्व सरंजाम त्याच हिशेबाने उभा राहिला होता. पैसे देऊन परक्याच्या हातचे जेवणे ही मुळात पेठेतल्या, गिरणगावातल्या आणि कचेऱ्यांच्या गावातल्या एकट्या माणसाची अडचण. खानावळ त्या अडचणीतून जन्मली आणि रस्त्यावर ती फार मागाहून आली.

परंतु ‘रस्त्याने फक्त पाणी द्यायचे’ हे वाक्य मी जितक्या सहजपणे लिहून गेलो, तितके ते सहज नाही. याच महामार्गावर उंब्रजजवळ डावीकडे एक फाटा मसूरला जातो. तेथील रेल्वे स्टेशनावर 1901 साली साताऱ्याहून आलेली काही मुले संध्याकाळच्या सुमारास उतरली. त्यांचे वडील खटाव तालुक्यात गोरेगावला खजिनदाराच्या नोकरीवर होते आणि सुट्टीसाठी मुले त्यांच्याकडे निघाली होती. येत असल्याचे पत्र वडिलांना पोहोचले नव्हते, म्हणून न्यायला कोणी आले नव्हते. मुले महारांची आहेत हे कळताच स्टेशनमास्तरांचा नूर पालटला. एकही गाडीवान त्यांना बैलगाडीत घेईना. शेवटी दुप्पट भाडे घेऊन, आणि गाडी मुलांनीच हाकावी, आपण बाजूने पायी चालू, या अटीवर एक जण कबूल झाला. मुलांजवळ घरून दिलेले जेवण भरपूर होते. नव्हते ते पाणी. रात्री उशिरा गाडी एका टोलनाक्यापाशी थांबली, तेथे मुलाने जात लपवून पाणी मागून पाहिले, तरी नाकेदाराने दिले नाही. आणि उघडलेला डबा तसाच मिटून ती मुले उपाशी झोपी गेली. त्यांतला दहा वर्षांच्या आसपासचा मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात पुढे त्यांनी ही हकिगत तपशिलाने नमूद केली आहे.

या रस्त्याने जाताना आज खेड-शिवापूर, आनेवाडी, तासवडे आणि किणी असे चार टोलनाके लागतात, गाडीच्या काचेवरची पट्टी वाचून खात्यातून पैसे परस्पर वळते होतात आणि नाकेदाराचे तोंडही पाहावे लागत नाही. राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने आणि सार्वजनिक उपाहारगृहे यांत प्रवेश करण्यास जातीच्या कारणावरून कोणासही मज्जाव करता येणार नाही, असे जे स्पष्ट लिहिले आहे, त्यात विहिरी, तलाव आणि रस्ते यांचाही नामनिर्देश आहे. एखाद्या देशाच्या मूलभूत कायद्यात उपाहारगृह आणि विहीर या शब्दांना जागा का द्यावी लागली, हे मसूरच्या फाट्यावर उभे राहिले की टीकाकारांचे भाष्य वाचल्यावाचून कळते. ‘चांगले हॉटेल कोणते?’ हा आपला लाडका प्रश्न ‘आपल्याला आत घेतील का?’ या प्रश्नाच्या पोटातून गेली शंभर वर्षे वाट काढीत आला आहे, आणि ‘ब्राह्मणांची खानावळ’ अशा पाट्या पाहिलेली माणसे अद्याप आपल्यात आहेत. आत्या त्यांपैकी एक.

एसटी आली आणि रस्त्यावर जेवण्याला वेळापत्रक आले. 1 जून 1948 रोजी नगर-पुणे मार्गावर पहिली गाडी धावली. त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत महाराष्ट्राला घराबाहेर जेवायला कोणी शिकवले असेल, तर ते एसटीच्या ‘वीस मिनिटं थांबेल’ या कंडक्टरी हुकुमाने. त्या वीस मिनिटांत वडा किती गरम आहे हे पाहण्याची मुभा प्रवाशाला नव्हती. गाडी थांबेल तेथे खायचे, हाच शिरस्ता. पण त्यातूनच एक समजूत रूढ झाली, की ज्या हॉटेलात ड्रायव्हर जेवतो ते हॉटेल चांगले. या समजुतीची खातरजमा करण्यासाठी मी साताऱ्यात एका निवृत्त एसटी चालकांना गाठले. तीस-पस्तीस वर्षे स्टेअरिंग धरलेले हे गृहस्थ प्रश्न ऐकून मिस्कील हसले.

“आमचं जेवण हॉटेलवाल्याकडून फुकट असायचं,” ते म्हणाले, “तवा चवीचं आमाला इचारू नका. गाडीभर गिऱ्हाईक आणून दिल्यावर आमच्या ताटात तूप पडणारच की! तुमच्या ताटात काय पडतंय ते आमी कशाला बघतोय?”

एवढ्याने समजुतीचा अर्धा मनोरा कोसळला. उरलेला अर्धा ट्रकचालकांवर उभा होता. ट्रकचालक स्वतःच्या भत्त्यातून पैसे मोजतो, तेव्हा त्याची निवड तरी प्रमाण मानावी, असे मला वाटत होते. कराडच्या अलीकडे एका ढाब्याच्या खाटेवर बसून तिघा-चौघा चालकांशी बोललो, त्यांतला एक राजस्थानचा, एक सांगलीकडचा, आणि त्यांच्या उत्तरांनी माझी पंचाईत केली. ढाबा निवडताना ते पाहतात ती प्रथम जागा: सोळा चाकांची गाडी वळवता आली पाहिजे. नंतर पाहतात आंघोळीचा हौद. नंतर, रात्री डिझेल आणि ताडपत्रीखालचा माल सुरक्षित राहील की नाही. मग खाट. चव पाचव्या-सहाव्या क्रमांकावर येते, आणि तीही ‘डाळ गरम असली की झालं’ इतपत. मोटार वाहतूक कामगार अधिनियम 1961 सालचा. सलग पाच तास काम झाले की निदान अर्ध्या तासाची विश्रांती, अशी त्यात तरतूद होती. ती मी मोठ्या उत्साहाने सांगितली. सांगलीकडच्या चालकाने ती शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, “हे आमच्या शेठला कोण सांगणार, सायेब?”

तर मग खूण कोणती मानावी? माझ्यापुरती मी एक ठरवली आहे आणि चार खेपांत ती एकदाच चुकली. अंगणातल्या मोटारी मोजू नयेत, ट्रकही मोजू नयेत. त्या तालुक्याच्या पासिंगच्या दुचाक्या मोजाव्यात. ज्याचे घर दोन मैलांवर आहे, ज्याच्या घरी भाकरी निश्चितपणे भाजलेली आहे, असा मनुष्य जेथे पदरचे पैसे देऊन जेवायला येतो, तेथल्या स्वयंपाकात काही तरी असलेच पाहिजे. मोटारीतला गिऱ्हाईक आज फसला तर पुन्हा सहा महिन्यांनी येणार, तोही त्याला नाव आठवले तर न येणारा. त्याला फसवणे परवडते. दुचाकीवरचा उद्या पुन्हा दारात असतो, आणि त्याचा चुलता ग्रामपंचायतीत असतो.

खूण चुकली ती अशी: दुचाक्या पंधरा होत्या, जेवण अत्यंत सामान्य, आणि बाहेर पडताना कळले की मागच्या बाजूला परमिट रूम आहे. महामार्गापासून 500 मीटरांच्या आत मद्यविक्रीस बंदी करणारा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2016 मध्ये दिला, पुढे शहरी हद्दींसाठी तो सैल झाला. त्या उलथापालथीत या धंद्याचे पुष्कळ नकाशे बदलले. ती कैफियत निराळी.

चवीपेक्षाही या धंद्याचे भवितव्य ज्या गोष्टीने ठरवले, ती मात्र कोणत्याही पाककृतीच्या पुस्तकात सापडणार नाही. ती म्हणजे रस्त्याच्या मध्यावरील दुभाजक. जुना रस्ता दुपदरी होता तेव्हा उजव्या अंगाचे हॉटेल डाव्या अंगाच्या हॉटेलाइतकेच जवळ होते. हात दाखवला, वळले, पोहोचले. चौपदरीकरण झाले आणि प्रत्येक हॉटेल निम्मे झाले. कोल्हापूरला जाणाऱ्याला जे दिसते ते हॉटेल जर पुण्याकडे जाणाऱ्या पट्ट्यावर असेल, तर ते तीस पावलांवर असूनही परमुलखात असल्यासारखे आहे. उंब्रजच्या आसपास पुण्याकडच्या अंगाला हॉटेल असलेल्या एका मध्यमवयीन मालकांशी मी बराच वेळ बोललो. त्यांच्या वडिलांच्या वेळेपासूनचे, कोल्हापूरकडे जाणारे गिऱ्हाईक अजून पलीकडून जाताना हॉर्न देते, काही जण काच खाली करून हातही करतात. “हात करत्यात आन् जात्यात,” ते म्हणाले. शेंद्र्यापासून कागलपर्यंत आता रस्ता सहापदरी होत आहे. त्यांच्या अंगणातले चिंचेचे झाड मोजणीच्या रेषेत आले. झाडाचा मोबदला मिळाला, सावलीचा दर कोष्टकात नव्हता. गावांवरून जे उड्डाणपूल जातात, त्यांनी तर गावाचे अख्खे स्वयंपाकघर पुलाखाली घातले आहे. वरून जाणाऱ्याला फोडणीचा वास येतो, उतरायची वाट मात्र दीड किलोमीटर मागे राहिलेली असते.

म्हणून आता मी निघतानाच ठरवतो: जाताना कोणत्या डाव्या अंगाला, येताना कोणत्या. पुतण्याला हे मान्य नव्हते. तो दूरध्वनीच्या पडद्यावरील चांदण्या पाहून निर्णय करी. दुसऱ्या खेपेला या चांदण्यांनी आम्हाला एका अशा भव्य भोजनगृहात नेले, की तेथील कारंजे, लाकडी बैलगाडी आणि फेटेवाला दरवान यांची छायाचित्रे काढण्यात मंडळींची भूकच सरली असती, तर बरे झाले असते. नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. चौघांनी चार निरनिराळ्या भाज्या मागवल्या आणि चारही एकाच तांबड्या ग्रेव्हीतून अवतरल्या. सकाळी दोन पातेली करून ठेवायची, एक तांबडे, एक पांढरे, आणि दिवसभर त्यांच्या संगमावर चाळीस पदार्थांचे पत्रक चालवायचे, ही या धंद्यातली सर्वश्रुत युक्ती आहे. भिंतीवर पाटी होती: ‘बाहेरील खाद्यपदार्थ खाण्यास सक्त मनाई आहे.’ आत्याने ती मोठ्याने वाचली आणि मांडीवरचा डबा पदराखाली घेतला.

या चांदण्यांविषयी सौभाग्यवतींचे म्हणणे निराळेच आहे, आणि ते मी या लेखात घालावे असा त्यांचा आग्रह नव्हता, हुकूम होता. पुरुषांच्या चर्चेत रस्स्याचा रंग येतो. बाईमाणसांचा पहिला प्रश्न स्वच्छतागृहाचा. ते आहे का, त्याला आतून कडी आहे का, पाणी आहे का, आणि तेथे जाण्यासाठी भटारखान्यातून किंवा पिणाऱ्यांच्या टेबलांमधून जावे लागते का? या चार प्रश्नांची उत्तरे ठाऊक नसल्यामुळे कित्येक स्त्रिया प्रवासात पाणीच पीत नाहीत, हे मला लग्नाला पस्तीस वर्षे होऊनही माहीत नव्हते. तिसऱ्या खेपेला थांब्यांची निवड त्यांच्याकडे सोपवली. त्या उतरत, आत जाऊन पाहणी करीत आणि परत येऊन ‘चला’ किंवा ‘बसा’ एवढाच निकाल देत. सात ठिकाणी आम्ही गाडीत ‘बसलो’. आठव्या ठिकाणचे जेवण त्या वर्षातले दुसऱ्या क्रमांकाचे उत्तम निघाले. स्वच्छतागृह घासणारा मनुष्य पातेलेही घासत असावा, असा तर्क त्यावर आत्याने केला. दोन्ही एकच मनुष्य करीत नसेल, एवढी सुधारणा मी सुचवली.

उत्तम कशाला म्हणावे, याचेही थोडे सांगितले पाहिजे. साताऱ्याच्या दक्षिणेला ज्वारीची भाकरी हा निकष आहे, आणि तो फसवता येत नाही. ज्वारीचे पीठ जुने झाले की त्याची विरी जाते. मग कितीही गरम पाणी घाला, थापताना कडा फाटतात. भाकरीचा काठ एकसंध असेल आणि वरचा पापुद्रा वाफेने सुटा झाला असेल, तर दळण ताजे आहे, आणि दळण ताजे आहे याचाच अर्थ रोज भाकरी खाणारे गिऱ्हाईक आहे. पत्रकावर भाकरीच्या पुढे ‘दुपारी 12 ते 2.30’ असे लिहिलेले दिसले, की मी निर्धास्त होतो. थापणाऱ्या बाईला घरी जायचे असते, हे त्या हॉटेलाने मान्य केले आहे. दिवसभर भाकरी मिळेल असे म्हणणाऱ्याकडे ती सकाळची असते. तोंडी लावायला कृष्णाकाठची काटेरी वांगी, आणि त्यांत उन्हाळ्यात वर्षाचा कांडून ठेवलेला कांदा-लसूण मसाला, ज्याला या भागात नुसते ‘चटणी’ म्हणतात आणि पुणेकर ती चटणी समजून ताटात डावीकडे वाढून घेतो व पहिल्याच घासाला पस्तावतो.

आणखी पुढे, पेठ नाका आणि इस्लामपूरच्या टापूत, अख्खा मसूर. पंजाबी डाळीचे वर्चस्व ढाब्यांवरून ज्या काही मोजक्या देशी पदार्थांनी हटवले, त्यांत याचा क्रमांक फार वरचा लावावा लागेल. न भरडलेला मसूर, कांदा, टोमॅटो, लसूण, तीच ती चटणी आणि वर तेलाची तर्री. दाणा दाताखाली लागला पाहिजे, पण टचटचीत राहता कामा नये. शाकाहारी आणि मांसाहारी एका टेबलावर बसून, एकमेकांच्या ताटाकडे न पाहता, सारख्याच घामाघूम चेहऱ्याने जेवतात, असा हा बहुधा एकच पदार्थ. मसूर गाव आणि मसूर डाळ यांचा काही संबंध आहे का, असे पुतण्याने विचारले. मला तो लागला नाही. पण डब्यात अन्न असून उपाशी झोपलेल्या मुलांची गोष्ट मी त्याला तेव्हाच सांगितली, आणि पुढचे वीस-पंचवीस किलोमीटर तो काही बोलला नाही.

चौथ्या खेपेला परतताना त्यानेच उंब्रजला गाडी खाली घेतली आणि मसूरच्या रस्त्याला लावली. “काका, बघून येऊ,” एवढेच म्हणाला. महामार्ग मागे पडला तसा ऊस दोन्ही अंगांनी जवळ आला. दुभाजक नव्हता, उजवीकडचे हॉटेलही आपलेच होते. स्टेशन पाहून परत फिरायला पावणेतीन झाले. वाटेत पत्र्याच्या छपराची एक खानावळ, नाव नाही, पाटी नाही, बाहेर सहा दुचाक्या. सौभाग्यवती उतरल्या, मागे जाऊन आल्या आणि म्हणाल्या, “चला.”

आम्ही टेकतो तोच एका पोराने पाण्याचा तांब्या आणि पाच पेले आणून ठेवले. आम्ही चौघेच होतो. चुलीपाशी बसलेल्या बाईंनी तेथूनच सांगितले, “भाकरी सपली बगा. थांबत असला तर पीठ मळते. अर्धा तास लागंल.”

“थांबतो,” पुतण्या म्हणाला.

आत्याने मग डब्याचे फडके सोडले. “अहो बाई, माझ्या दशम्या आहेत. इथं खाल्ल्या तर चालतील ना? पाटी नाही म्हणून विचारते.”

बाई पिठाच्या हातानेच उठून आल्या, डब्यात डोकावल्या. “दुधातल्या व्हय? माजी आय करायची.” त्यांनी एक दशमी उचलली, निम्मी पोराच्या हातात दिली, निम्मी स्वतः तोंडात टाकली आणि आत जाऊन आमच्यासाठी वाटीभर चटणी आणि एक कांदा घेऊन आल्या.